इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की माझी बोबडी वळते

खानापूरचा_पोरगा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातला, जंगलाच्या बाजूचा. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम, मग बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा. त्यानंतर आठ महिने उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) एका लहान वर्कशॉपला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होतो. मग बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि दहा महिने घरीच गेले. भात, काजू, म्हशी. आता परत नोकरी शोधूलालोय.

गेल्या बुधवारी हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. त्याआधी युट्यूबवरनं दहा प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत पाठ केली होती. आरशासमोर म्हणून बघितली, गोठ्यात म्हणून बघितली. म्हशीला पाठ झाली असतील. आत तिघे बसलेले. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्याबरोबर मी सुरू: मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम हार्डवर्किंग, पंक्चुअल, टीम प्लेअर... आणि टीम प्लेअरपाशी गाडी बंद. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. म्हणून मी परत पहिल्यापासून सुरू केलं. हो, परत "मायसेल्फ"पासून. मधले साहेब खाली बघून हसले.

मग त्यांनीच मराठीत विचारलं, "८० एच८ बोअर कशानं मोजशील?" मी म्हटलं, व्हर्नियरनं. "बरं, कळवतो."

येत्या शुक्रवारी इथंच दुसऱ्या कंपनीत बोलावलंय आणि पुढच्या सोमवारी चाकणला. स्वतःबद्दल सांगा, कमजोरी काय, गॅप का, पाच वर्षांनी कुठं असाल, पगार किती पाहिजे, आम्ही तुम्हालाच का घ्यावं. ह्यांची तयार उत्तरं कुणाकडं असतील तर द्या. ह्या वेळी नीट पाठ करतो.

तिरकस (रात्री ९:५८)

मायसेल्फ म्हणजे सत्यनारायणाची कथा. चुकली की पहिल्या अध्यायापासून.

शहापूरकरीण (रात्री १०:२०)

तिरकसकडे लक्ष देऊ नका. मूळची शहापूरची, आता पुण्यात एचआरमध्ये आहे. वर्षाला दोन-अडीचशे तरी इंटरव्ह्यू घेते.

तयार उत्तरं देणार नाही, कारण ती मी रोज ऐकते. "माय वीकनेस इज दॅट आय ॲम अ परफेक्शनिस्ट" हे एका दिवसात चार जणांकडून ऐकलंय, चौथ्यानं तर तीच मान वाकडी करून. दोष त्यांचा नाही, व्हिडिओ एकच.

पण तयारी करू नका असंही म्हणणार नाही. पहिली दोन वाक्यं पाठच करा. नाव, शिक्षण, आत्तापर्यंत कुठल्या मशीनवर काय काम केलं. घशाची कोरड त्या दोन वाक्यांत जाते. त्यापुढचं पाठ करायचं नाही, नुसते मुद्दे लक्षात ठेवायचे. तीन मुद्दे पुरतात. मुद्दा विसरला तर पुढचा घेता येतो, वाक्य विसरलं की तुमचं जे झालं तेच होतं.

आणि भाषा. प्रश्न इंग्रजीत आला तर पहिली दोन वाक्यं इंग्रजीत द्या आणि सरळ विचारा, "सर, कामाबद्दल मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" शॉप फ्लोअरच्या जागेसाठी ह्याला नाही म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

तुमचं "स्वतःबद्दल" इथे लिहा, बघते.

बोअरगेज (सोमवार, सकाळी ६:१५)

पोरा, इंग्रजी राहू दे बाजूला. तुला त्या दिवशी घालवलं ते मायसेल्फनं नव्हे, व्हर्नियरनं.

उद्यमबागेत ३४ वर्षं काढलोय. शेवटची बारा-तेरा वर्षं भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. तुझ्या त्या मधल्या साहेबानं विचारलं तेच मीही विचारायचो, म्हणून सांगूलालोय, नीट वाच.

८० एच८ बोअर म्हणजे ८० मिलिमीटरचं भोक, साइज ८० च्या वर शून्य ते ४६ मायक्रॉन. आपल्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. ४६ च्या घरात २० ची काठी घेऊन काय मोजूलालास? शिवाय त्याचे आतले जबडे तोंडाशीच पोचतात. आत होनिंगला (आतून घासून गुळगुळीत करताना) टेपर पडला, म्हणजे एका टोकाला रुंद झालं, न्हाईतर अंडाकार झालं, ते कसं कळणार? तिथं बोअर गेज, भोकाचा आतला व्यास मोजायचं काट्याचं साधन. मायक्रोमीटर ८० ला लॉक करायचा, त्यात गेज धरून शून्य लावायचं. मग ट्यूबमध्ये घालून झुलवायचं आणि काटा जिथनं मागं फिरतो ते रीडिंग धरायचं. तोंडाशी, मधे, तळाशी. प्रत्येक जागी नव्वद अंशात फिरवून परत एकदा. एवढं तू बोलला असतास तर तुझं मायसेल्फ साहेब विसरून गेले असते.

आता कमजोरीचा प्रश्न. आमच्याकडं "तुमची वीकनेस काय" असं कोण विचारत न्हाई. एकदा दोन पोरं आली, दोघंही सीएनसी टर्निंगची. दोघांना मी एकच विचारलं, "तुझ्या हातनं किती जॉब (मशीनवरचे पार्ट) रिजेक्ट गेले?" पहिला म्हणाला, "एकही नाही सर." मशीनवर हात ठेवलेल्या माणसाचं असं होत न्हाई. एक तर खोटं बोलूलालाय, न्हाईतर मशीन दुसरा चालवायचा आणि हा दार पुसायचा. दुसरा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "एकदम नऊ गेले. इन्सर्ट (कापायचं पातं) बदलला आणि ऑफसेट (मापाची दुरुस्ती) द्यायचा राहिला. पहिला पीस मोजला नाही. नऊ झाल्यावर क्वालिटीचे आले."

"मग काय केलास?"

"सुपरवायझरला मीच जाऊन सांगितलं. आता इन्सर्ट बदलला की पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावत नाही."

घेतला त्याला. आता त्याचं स्वतःचं दोन मशीनचं शेड आहे आणि माझा फोन उचलत न्हाई, ते सोड.

तुझे किती गेले? आठ महिन्यांत गेलेच असतील. ते आठवून ठेव.

खानापूरचा_पोरगा (सोमवार, दुपारी १:०५)

काका, सात. पितळी बुशचे. सकाळी मशीन थंड असताना पहिले सात केले आणि साइज सरकली. मालकांनी पगारातनं कापतो म्हटलं होतं, कापले नाहीत. हे इंटरव्ह्यूत सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मी उलट कुणी विचारू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला.

ताई, हे "स्वतःबद्दल" लिहिलंय. आत्तापुरतं मराठीत:

"माझं नाव अमुक. मी खानापूर तालुक्यातील रहिवासी असून मी मेकॅनिकल डिप्लोमा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केला आहे. मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व जबाबदार आहे. मला सीएनसी मशीनचा अनुभव आहे. वैयक्तिक कारणामुळे काही काळ गॅप होता. मला नवीन गोष्टी शिकण्याची आवड आहे."

शहापूरकरीण (सोमवार, रात्री ८:४५)

हे वाचून मला तुमच्याबद्दल काहीच कळलं नाही. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार हे शब्द काढून टाका. कुणी स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही, त्यामुळे ते ऐकणाऱ्याच्या कानावरून जातात.

"सीएनसीचा अनुभव आहे" ह्याच्या जागी: कुठला कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर) होता? कुठला पार्ट करायचात, शिफ्टला किती पीस? प्रोग्रॅम स्वतः लिहायचात की नुसता कॉल करायचात? ऑफसेट कोण द्यायचं?

आणि "वैयक्तिक कारणामुळे" तर मुळीच नको. ह्या दोन शब्दांत समोरचा माणूस काहीही भरतो: आजारपण, भांडण, पोलीस केस. सरळ सांगा: "वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात शेती बघायला दुसरं कुणी नव्हतं, दहा महिने घरी होतो. आता ते चालतात." शेवटचं "आता ते चालतात" विसरू नका. गॅप का पडला ह्याच्याशी आम्हाला फारसं देणंघेणं नसतं. परत पडेल का, एवढीच धाकधूक असते.

वेदगंगा_निपाणी (सोमवार, रात्री ९:३०)

ताईंचं शंभर टक्के खरं. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून कोल्हापुरात एका हॉस्पिटलला इंटरव्ह्यू दिला. (निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. पण बेळगावला कर्नाटकची लाल बस बायकांना फुकट, कोल्हापूरला तिकीट. घरात ह्यावरूनच आधी चर्चा.)

मला मॅट्रननी (मुख्य नर्स) विचारलं, "सीनियर सिस्टर चुकीचं औषध द्यायला निघालीय असं दिसलं तर काय कराल?" मी पाठ करून गेले होते ते राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम असं घडाघडा म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तुम्ही काय कराल?" मग सुचेल तसं बोलले. सिस्टरला पेशंटसमोर चूक म्हणणार नाही, "सिस्टर, केस पेपर एकदा बघूया का" म्हणून हातात पेपर देईन. त्यांनी नाहीच ऐकलं तर ड्युटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ देणार नाही. मॅट्रन म्हणाल्या, "पेपर हातात देईन हे बरं बोललात." त्यावरच नोकरी लागली असं मी म्हणत नाही, पण लागली.

खानापूरच्या दादांना एक विनंती. कागदं आजच एकदा लावून बघा. आमच्या वर्गातल्या लक्ष्मीचं स्पेलिंग एका मार्कशीटवर एक्सनं, आधारवर के-एस-एचनं. आडनाव कुठं पुढं, कुठं मागं, कुठं नुसतं इनिशियल. आपल्याकडं नाव मराठीतनं कन्नडात आणि कन्नडातनं इंग्रजीत जातं, वाटेत काहीतरी सांडतंच. जॉइनिंगच्या दिवशी हे निघालं की ॲफिडेव्हिटसाठी धावाधाव.

चाकणकर_मूळ_हिंडलगा (मंगळवार, सकाळी ७:५०)

पगारावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इथे आपली पोरं हमखास फसतात.

"एक्स्पेक्टेशन किती" ह्यावर "कंपनीच्या नियमाप्रमाणे" हे उत्तर नको, म्हटलं की खालचा आकडा मिळतो. आधी त्या भागात त्या कामाला काय मिळतं ते दोघा-तिघांना विचारून घ्यायचं आणि "हातात इतके ते इतके" असं सांगायचं. "हातात" हा शब्द मोठ्यानं. कारण ते सांगतात सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च.

समजा वर्षाला २ लाख ४० हजार म्हणाले. तुम्ही मनात महिना २० हजार धरता. त्यात बेसिक १० हजार असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १२०० त्यातच धरलेला. ग्रॅच्युइटीचे ४८१ धरलेले. ईएसआयचा (कामगार विमा) कंपनीचा ३.२५ टक्के हिस्साही धरलेला. हे काढलं की ग्रॉस उरतो साधारण १७,७४०. त्यातून तुमचा पीएफ १२००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३३. हातात १६,४०० च्या आसपास. चाकणला असाल तर प्रोफेशनल टॅक्स महिन्याला आणखी २००, फेब्रुवारीत ३००. कर्नाटकात तो २५ हजार पगारापासून लागतो, म्हणून बेळगावातल्या मित्राची स्लिप बघून इथला हिशोब करू नका. मी केला होता. त्यात चाकणला खोली आणि मेस धरा. हे सगळं कागदावर मांडून मग ठरवा. गावात १४ आणि इथे १६ असेल तर गाव बरं, हे मी इथे सहा वर्षं काढून सांगतोय.

अवांतर: मला इंटरव्ह्यूत एका साहेबांनी हसत हसत विचारलेलं, "काय हो, बेळगाव नक्की कुणाचं?" मी म्हटलं, "सर, सुप्रीम कोर्टात २००४ पासून केस आहे. ती संपेपर्यंत थांबू नका, मला सोमवारपासून बोलवा."

तिरकस (मंगळवार, सकाळी ८:१०)

हे उत्तर भारी. पण सगळेच साहेब हसत विचारत नाहीत. इथल्या कंपनीत "कन्नड बरतैतेन?" म्हणून विचारलं की आमच्यातल्या निम्म्यांचं तोंड आंबट होतं, आणि तिकडे "अरे, कर्नाटकचे असून मराठी चांगली बोलता की" म्हटलं की उरलेल्यांचं. दोन्हीकडून पाहुणेच. ह्यावर तुमच्या एचआरच्या पुस्तकात उत्तर आहे का?

मलप्रभा_काठ (मंगळवार, दुपारी २:३०)

तिरकस, ह्याचं दुसरं अंगही बघा. मी बँकेत आहे, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो. ही आपली जमेची बाजू आहे.

स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत राज्याची भाषा यावी लागते, आणि दहावी-बारावीला ती शिकल्याचं मार्कशीट असेल तर भाषेची परीक्षा माफ होते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांच्या एसएसएलसीला कन्नड असतंच, पहिली भाषा मराठी १२५ ची आणि कन्नड १०० ची. म्हणजे ते मार्कशीट जपून ठेवा, शाळेत ज्या विषयावरून रडलात तोच कामाला येतो. तिकडे महाराष्ट्र शासनाच्या भरतीत, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे आधी बघून ठेवायचं.

सरकारी परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी: केंद्र सरकारच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांना १ जानेवारी २०१६ पासून इंटरव्ह्यूच नाही. कुणी "इंटरव्ह्यूत सेटिंग करतो" म्हणून पैसे मागितले तर त्याला हे सांगा. आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती) पीओला, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या पदाला आहे, १०० मार्कांचा, मेन्स आणि इंटरव्ह्यू ८०:२० नं धरतात.

माझ्या पीओ इंटरव्ह्यूत बँकिंगवर दोनच प्रश्न आले. बाकी सगळं "तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा." मी गोकाकचा धबधबा म्हणून थांबलो. पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, "आणि १९२४?" मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव. मी रोज टिळकवाडीतनं सायकलनं जात होतो हो, त्या काँग्रेस विहिरीवरून! लाज वाटली. खानापूरच्या मित्रा, तुला मलप्रभा कुठं उगम पावते विचारलं तर कणकुंबी सांग, म्हणजे माझं नाव राखलंस.

शहापूरकरीण (मंगळवार, रात्री ९:१५)

तिरकस, पुस्तकात नाही, पण अनुभव सांगते. "कन्नड येतं का" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की मशीनवर शेजारी बैलहोंगलचा, गोकाकचा माणूस असेल, तो "थांबव" म्हणाला तर ह्याला कळेल का. तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं. "स्वल्प बरतैत्री, कलीतीन्री" (थोडं येतं, शिकतो) एवढं म्हटलं तरी समोरचा सैल होतो. येत नसेल तर येत नाही म्हणा, पण तोंड आंबट करून नको. आणि पुण्यातल्याला "तीन भाषा कळतात सर, व्हेंडर कुठलाही असला तरी चालतं" म्हणायचं. मनातला राग खरा आहे, माझ्याही आहे. त्याला त्या खोलीतल्या वीस मिनिटांत जागा नाही.

राहिले दोन प्रश्न. पाच वर्षांनी कुठं: "मॅनेजर" म्हणू नका, पुढची पायरी सांगा. ऑपरेटर असाल तर सेटर (मशीन लावून देणारा), प्रोग्रॅमिंग. आणि शेवटी "काही विचारायचंय?" म्हटल्यावर "नो सर" नको. कुठल्या मशीनवर बसवणार, शिकवणार कोण, शिफ्ट कशा. रजा किती हे ऑफर आल्यावर.

बोअरगेज (मंगळवार, रात्री ९:४०)

आणि सेफ्टी शूज घालून जाऊ नको. एकजण आलेला.

खानापूरचा_पोरगा (शुक्रवार, सायंकाळी ७:२०)

आज झाला. लिहितो म्हटलं होतं म्हणून लिहितो.

दोघेच होते. ह्या वेळी "स्वतःबद्दल" असं विचारलंच नाही! थेट, "आठ महिने काय केलास?" माझी पाठ केलेली दोन वाक्यं खिशातच राहिली. मग फॅनुक कंट्रोल, पितळी बुश, शिफ्टला साठ-पासष्ट पीस, प्रोग्रॅम मालक लिहायचे पण ऑफसेट मी द्यायचो, असं सांगितलं. जी०२ आणि जी०३ ह्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये फरक विचारला, आला. एम३० आला. रिजेक्शन विचारलं नाही. मीच सांगितलं, सात बुश. ते म्हणाले, "मशीन गरम का केलं नाहीस?" मी म्हटलं, "तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं स्पिंडल रिकामं फिरवून मग पहिला पीस लावायचो." दुसऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते दिसलं नाही.

गॅपचं ताईंनी सांगितलं तसंच बोललो. "आता चालतात का?" हे त्यांनीच विचारलं, मी म्हणायच्या आधी.

पगारात घसरलो. "हातात" म्हणायचं विसरलो. १५ म्हटलं, ते १३ म्हणाले, मी "बरं" म्हटलं. बाहेर येऊन डोकं आपटून घेतलं. बुधवारपर्यंत कळवतो म्हणालेत.

बोअरगेज (शुक्रवार, सायंकाळी ७:५५)

गेज दिलं काय हातात?

खानापूरचा_पोरगा (शुक्रवार, रात्री ८:०२)

दिलं काका. शून्य लावताना हात कापूलालता. पण झुलवलं, काटा फिरला तिथं धरलं. तोंडाशी आणि मधे घेतलं, तळाशी घ्यायचं राहिलं. त्यांनी विचारल्यावर आठवलं.

बोअरगेज (शुक्रवार, रात्री ८:१०)

तळाशीच तर टेपर असतो रे.

खानापूरचा_पोरगा (शुक्रवार, रात्री ८:१५)

चाकणला पक्कं घेतो. रविवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय, सोमवारी साडेदहाला पोचायचंय. @चाकणकर, स्वारगेटहून चाकण किती वेळ लागतो?

चाकणकर_मूळ_हिंडलगा (शुक्रवार, रात्री ८:४०)

स्वारगेटपर्यंत येऊच नको, सकाळी शहरातनं बाहेर पडायलाच वेळ जाईल. मुंबईची गाडी धर, पहाटे बायपासला वाकडला उतर, तिथून नाशिक फाटा, भोसरी करत चाकण. कंडक्टरला झोपायच्या आधीच सांगून ठेव, नाहीतर डोळे उघडशील ते लोणावळ्याला. आणि "हातात" हा शब्द तळहातावर लिहून आण.

वेदगंगा_निपाणी (शुक्रवार, रात्री ९:०५)

तळहातावर नको, घामानं पुसतं. फाइलच्या आतल्या पानावर लिहा. आणि आधार, मार्कशीटची नावं जुळवून बघितलीत का, ते सांगितलंच नाही तुम्ही.